रिपोर्ट नॉर्मल, डोकं मात्र ठणकतंय

जुन्या डोकेदुखीच्या माणसाकडे एक फाइल असतेच. चष्म्याचा नंबर, सायनसचा एक्स-रे, रक्ताच्या चार तपासण्या, मेंदूचा एमआरआय, जमल्यास मानेचाही. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द: नॉर्मल. पहिल्यांदा तो वाचून हायसं वाटतं. तिसऱ्यांदा वाचताना राग येतो, कारण तोवर तो शब्द आजाराबद्दल न राहता आपल्याबद्दल झालेला असतो. रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे हिलाच काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या, पुढचा पेशंट.

माझीही अशी फाइल आहे. ती जाड होत होती तेव्हा कुणी एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं, की मायग्रेन एमआरआयमध्ये दिसत नसतो. एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो. मायग्रेनमध्ये बांधणी धड असते, बिघडतं ते वागणं. घराचा नकाशा कितीही बारकाईने पाहिला तरी त्या घरात भांडणं होतात का हे कळत नाही, तसंच हे. एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना याची खात्री करायला. मायग्रेनचं निदान होतं ते हकिगतीवरून. ती नीट सांगता आली, तर अर्धं काम तिथेच होतं.

मेंदू दुखत नाही, मग दुखतं काय?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून तर मेंदूवरच्या काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना, त्याच्याशी बोलत बोलत करता येतात. वेदना कळते ती मेंदूवरच्या आवरणांना आणि त्यांतल्या रक्तवाहिन्यांना. तिथली खबर आत पोचवण्याचं काम मुख्यतः ट्रायजेमिनल नावाची नस करते. तिच्या तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि नाकाकडे, तिसरी जबड्याकडे. त्यात भर म्हणजे मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या नसांचे आणि हिचे धागे आत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मायग्रेनमध्ये मान अवघडते, दाढ ठणकल्यासारखी वाटते, डोळ्यामागे कुणी अंगठा रुतवतंय असं होतं. आणि त्यामुळेच माणूस आधी मानेच्या, मग दातांच्या, मग डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवत राहतो.

ठणका कशामुळे, याचं उत्तर बराच काळ सोपं मानलं गेलं. १९३० च्या दशकात हॅरॉल्ड वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की एर्गोटामाइन हे औषध दिलं की कानशिलावरच्या धमनीची उसळी कमी होते आणि दुखणंही उतरतं. त्यावरून ठरलं, की रक्तवाहिन्या फुगतात आणि ठणका त्यांचाच. पटण्यासारखंच होतं, कारण ठणका वाटतो अगदी नाडीसारखा. पण पुढच्या वेळी ठणका सुरू असताना मनगटावर बोट ठेवून पाहा. मी ठेवलंय. दोघांचा ताल जुळत नाही. संशोधकांनी रुग्णांमध्ये दोन्ही एकाच वेळी मोजले, तेव्हाही हेच निघालं: ठणका नाडीपेक्षा सावकाश आणि स्वतःच्याच लयीत चालतो. ती लय रक्तवाहिनी ठरवत नाही, मेंदू ठरवतो.

मग नेमका धागा कोणता? ट्रायजेमिनल नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा प्रथिनासारखाच पण छोटा रेणू बाहेर पडतो. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एड्विन्सन यांनी अटॅक सुरू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं, त्यात सीजीआरपी वाढलेला होता. नंतर उलटा प्रयोग झाला. मायग्रेन असलेल्यांना सीजीआरपी शिरेतून दिला, तर त्यांतल्या अनेकांना काही तासांनी त्यांच्या नेहमीच्या अटॅकसारखंच दुखणं सुरू झालं. चोर सापडला म्हणायचा तो इथे. या कामासाठी २०२१ चं ब्रेन प्राइझ या दोघांना मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांच्यासोबत मिळालं, आणि आजची सगळ्यांत नवी औषधं याच रेणूवर नेम धरून तयार झाली आहेत.

मुळात हा मेंदू जरा जास्त जागा असतो. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची थरथर, शेजारच्याचा परफ्यूम, इतरांचा मेंदू थोड्या वेळात या गोष्टी ऐकू येईनासं, दिसेनासं करून टाकतो. मायग्रेनवाल्याला अशी सवय होणं जड जातं. हा बराचसा वारसा असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात मायग्रेनशी संबंधित १२३ जागा सापडल्या. त्यामुळे 'मायग्रेनचं जनुक' असं एखादं बोट दाखवण्यासारखं नाही, थोडं थोडं पुष्कळांकडून आलेलं असतं. जगात शंभर कोटींहून जास्त लोकांना हा आजार आहे आणि त्यात बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट.

दुखायच्या आधीपासूनच सुरू झालेलं असतं

अटॅक म्हणजे फक्त दुखणं, असं आपण धरून चालतो. खरं तर दुखणं हा मधला अंक. त्याच्या आधी काही तास, कधी कधी दोन दिवस, काहीतरी बिनसायला लागतं. एकामागून एक जांभया, मान आखडणं, विनाकारण चिडचिड, सारखी लघवीला, गोडाची अनावर इच्छा. या वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात हालचाल वाढलेली स्कॅनमध्ये दिसली आहे. भूक, तहान, झोप सांभाळणारा भाग तोच.

यातून एक गंमत निघते. 'चॉकलेट खाल्लं की माझं डोकं उठतं' असं कित्येक जण शपथेवर सांगतात. पण गोड खावंसं वाटणं हेच जर सुरू झालेल्या अटॅकचं पहिलं लक्षण असेल, तर दोष चॉकलेटचा कसा? काहींना खरोखर एखाद्या पदार्थाने त्रास होतो, वाइनसारख्या दारूने तर नक्कीच. पण खाण्याच्या वर्ज्य गोष्टींची यादी हातभर लांब करण्याआधी थोडं थांबावं, असं माझं मत.

दर तीन-चार रुग्णांमागे एकाला दुखण्याच्या आधी ऑरा येतो, म्हणजे नजर, स्पर्श किंवा बोलणं थोडा वेळ बिघडतं. मला पहिल्यांदा आला तेव्हा मी वाचत होते. एका शब्दाचं शेवटचं अक्षर दिसेना. डोळे चोळले, पुस्तक लांब धरलं, तरी जिथे पाहावं तिथलंच अक्षर नाहीसं. मग त्या पोकळ जागेच्या कडेने चमचमणारी नागमोडी रेघ उमटली, करवतीच्या दात्यांसारखी, आणि कंसासारखी फुगत फुगत बाहेर सरकायला लागली. उजवा डोळा झाकला तरी दिसते, डावा झाकला तरी दिसते. वीस-पंचवीस मिनिटांनी ती नजरेच्या काठावरून पलीकडे उतरून गेली. मी सुटले म्हणून पाणी प्यायला उठले आणि कानशिलात पहिली कळ आली.

एकेक डोळा झाकून पाहणं इथे उपयोगी पडतं. दोन्ही डोळ्यांनी तीच रेघ दिसत असेल तर गडबड डोळ्यात नाही, मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या भागात आहे. तिथे विजेची एक मंद लाट सरकत असते. ती जिथून जाते तिथल्या पेशी आधी चेकाळतात (म्हणून चमक) आणि मग गप्प होतात (म्हणून पोकळी). १९४१ मध्ये कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच ऑराची रेघ मिनिटामिनिटाला कागदावर उतरवली आणि हिशेब मांडला, की जे काही चाललंय ते मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं. १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूवर अशीच एक लाट नोंदवली, वेगही जवळजवळ तोच. दोन्ही एकच आहेत हे लोकांच्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षं लागली.

ऑरा फक्त डोळ्यांपुरता नसतो. बोटांपासून मुंग्या सुरू होऊन हातभर चढतात, ओठांपर्यंत येतात, शब्द सापडेनासे होतात. ओळख अशी, की तो हळूहळू पसरतो आणि ५ ते ६० मिनिटांत ओसरतो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, वाचा जाणं हे क्षणात, एकदम झालं तर 'माझा मायग्रेनच असेल' म्हणत घरी थांबायचं नाही. तो पक्षाघात समजून ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

मग येतं ते दुखणं. उपचार नसेल तर ४ ते ७२ तास. या काळात पोटही जागच्या जागी थबकतं, गोळी गिळली तरी ती पुढे सरकून रक्तात उतरायला वेळ लावते. बराच वेळ दुखत राहिलं की कातडीही हळवी होते. केस विंचरवत नाहीत, उशी टोचते, चष्म्याची काडी जड होते. आणि दुखणं गेल्यावर एखादा दिवस नुसतं रिकामं, धुऊन पिळून वाळत टाकल्यासारखं वाटत राहतं. ऑफिसात लोक म्हणतात 'आता बरंय ना?' आणि आपण 'हो' म्हणतो.

निदान: तीन प्रश्न आणि थोडी चौकशी

अर्धशिशी हा आपला शब्द आणि मायग्रेनचं मूळ असलेला ग्रीक शब्द 'हेमिक्रेनिया', दोन्हींचा अर्थ एकच: अर्धं डोकं. आयुर्वेदात अर्धावभेदक म्हटलंय, तेही तेच. इतक्या जुन्या नावाने एक गैरसमज मात्र पक्का केला. पुष्कळ जणांचं डोकं दोन्ही बाजूंनी दुखतं आणि तरी तो मायग्रेनच असतो. लहान मुलांत तर बहुधा दोन्हीकडेच, आणि वेळही कमी असतो.

जगभर मान्य असलेले निकष साधारण असे. असे किमान पाच अटॅक येऊन गेलेले असावेत. दुखणं एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते जोरदार आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही वाढणारं, या चारपैकी दोन गोष्टी हव्यात. सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. एवढं पाठ करायची गरज नाही. दवाखान्यात तीन प्रश्नांवर बरंच काम भागतं: डोकं दुखताना मळमळतं का? उजेड सहन होत नाही का? गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा तरी दिवस कामातून गेला का? दोन उत्तरं 'हो' आली तर मायग्रेनची शक्यता दाट.

तणावाची म्हणतात ती डोकेदुखी वेगळी. डोक्याला घट्ट पट्टा आवळल्यासारखी, दोन्हीकडे, कुरकुरत राहणारी. तिच्यात माणूस कुरकुरतो पण काम करतो. मायग्रेनचा माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो. आणि क्लस्टर नावाची तिसरीच डोकेदुखी असलेला माणूस पडूच शकत नाही. एका डोळ्यात तापलेली सळई खुपसल्यासारखी कळ, तो डोळा लाल, पाणी गळतंय, त्याच बाजूची नाकपुडी बंद, आणि माणूस येरझाऱ्या घालतोय, भिंतीवर डोकं आपटतोय. हे १५ मिनिटं ते तीन तास चालतं, पुष्कळदा रोज ठरावीक वेळी, रात्री झोपेतून उठवून. यावर मास्कमधून जोराने शुद्ध ऑक्सिजन दिला तर पंधरा मिनिटांत आराम पडू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. असं वर्णन जुळणाऱ्याने मेंदूविकारतज्ज्ञाकडेच जावं.

सायनसबद्दल दोन शब्द. २००४ मध्ये एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सायनसची डोकेदुखी आहे असं स्वतःच ठरवलेल्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या जवळपास तीन हजार लोकांना तपासलं, तर ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या निकषांत बसलं. फसगत होते ती ट्रायजेमिनल नसेमुळे: तिच्या चाळवण्याने नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गाल जड होतात. खऱ्या सायनसच्या संसर्गात घट्ट, रंगीत शेंबूड असतो, कधी कधी ताप असतो, आणि तो संसर्ग दर महिन्याला येऊन दोन दिवसांत आपोआप जात नाही. तसंच थोड्याफार वाढलेल्या रक्तदाबाने सहसा डोकं दुखत नाही, आणि चष्म्याच्या नंबरावर मायग्रेन अवलंबून नसतो.

मात्र काही डोकेदुख्या अशा, की तिथे हकिगत ऐकत बसायला वेळ नसतो. एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी कळ. ताप आणि ताठ मान. शुद्ध हरपणं, झटके, अंगाची एक बाजू कमजोर. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं तीव्र दुखणं. कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असताना सुरू झालेलं. खोकल्याने, वाकल्याने किंवा आडवं झाल्याने भडकणारं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, आणि त्यात चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल तर त्याच दिवशी दाखवायला हवं, कारण कानशिलाच्या धमनीला सूज असल्यास उपचाराविना दृष्टी जाऊ शकते. यांत तपासण्या तातडीने करायच्या असतात. एरवी, वर्षानुवर्षं एकाच छापाचा मायग्रेन आणि डॉक्टरांच्या तपासणीत सगळं ठीक, तर स्कॅनची गरज बहुधा नसते.

महिन्याचे चौकोन

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला तो.

डॉक्टर विचारायचे, 'डोकं किती वेळा दुखतं?' मी सांगायचे, आठवड्यातून एकदा-दोनदा. खोटं बोलत नव्हते. मी फक्त आडवं पाडणारे दिवस मोजत होते. एका डॉक्टरांनी प्रश्न फिरवला: 'महिन्यात असे दिवस किती, की डोकं जरासुद्धा दुखलं नाही?' मला उत्तर देता येईना. त्यांनी कॅलेंडरचं एक कोरं पान दिलं. दुखलं तर तिरकी रेघ, जोरात दुखलं तर फुली, गोळी घेतली तर टिंब. महिनाअखेर पान समोर ठेवलं तेव्हा तीसपैकी सहा चौकोन कोरे होते. टिंबं एकोणीस. त्यांतली बरीच तिरक्या रेघेच्या दिवशी, म्हणजे 'वाढू नये म्हणून' घेतलेल्या गोळ्यांची.

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, सलग तीन महिन्यांहून अधिक काळ डोकं दुखत असेल तर त्याला जुनाट डोकेदुखी म्हणतात. त्यांतले किमान ८ दिवस मायग्रेनचे असतील तर तो जुनाट मायग्रेन. ही नुसती शब्दांची वर्गवारी नाही, कारण या रेषेच्या पलीकडे उपचार बदलतात. आणि रेषा ओलांडायला लावणारं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्याच.

ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्याला मुळात डोकेदुखीची प्रवृत्ती आहे त्याच्या मेंदूला वारंवार गोळी मिळाली की वेदनेचा उंबरठा खाली येतो. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, दुखलं की गोळी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्यांसाठी धोक्याची रेषा महिन्यात १५ दिवस. ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या अटॅकसाठीच्या गोळ्या), अफूजन्य औषधं आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या (कॅफिन घातलेल्या यातल्याच) यांच्यासाठी १० दिवस. गोळ्या किती घेतल्या यापेक्षा किती दिवस घेतल्या हे मोजायचं: एका दिवसात दोन घेतल्या तरी दिवस एकच, आणि रोज अर्धी घेतली तरी दिवस तीस.

यातून बाहेर पडायचं तर ती गोळी सोडावी किंवा बरीच कमी करावी लागते, आणि आधी काही दिवस दुखणं वाढतं. बहुधा दोन ते दहा दिवस वाईट जातात. लोक इथेच माघार घेतात, कारण वाढलेलं दुखणं पाहून त्यांना वाटतं, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. त्याच सुमारास प्रतिबंधक, म्हणजे अटॅक येऊच नयेत म्हणून रोज घ्यायचं औषध सुरू केलं तर हे दिवस निभावतात. अफूजन्य किंवा झोपेच्या वर्गातलं औषध चालू असेल तर ते मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायचं. व्यसन वगैरे शब्द वापरून स्वतःला बोल लावू नये. दुखत होतं म्हणून गोळी घेतली, एवढाच तो गुन्हा.

अटॅक आला तेव्हा

गोळी लवकर घ्यावी, पुरेशा मात्रेत घ्यावी. पोट थबकायच्या आणि कातडी हळवी व्हायच्या आत घेतलेली गोळी लागू पडते, 'बघू, थांबेल' म्हणत चार तासांनी घेतलेली बऱ्याचदा वाया जाते. आता वर दहा दिवसांची मर्यादा सांगितली आणि इथे लवकर घ्या म्हणतेय, हा पेच खराच आहे. त्याची सोडवणूक चौकोनांच्या पानातच होते: ही फुलीची सुरुवात आहे की नुसती तिरकी रेघ, हे काही महिने लिहिल्यावर ओळखता येऊ लागतं.

साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा ॲस्पिरिन पुरतं (मुलांना ॲस्पिरिन नाही). मळमळ असेल तर डॉक्टर उलटी थांबवणारी गोळी जोडतात. तिने पोट पुन्हा चालायला लागतं, हा दुहेरी फायदा. यांनी भागत नसेल तर ट्रिप्टान. पहिलं, सुमाट्रिप्टान, १९९१ मध्ये बाजारात आलं. ते सीजीआरपीचं बाहेर पडणं रोखतं. एका अटॅकमध्ये लागू पडलं नाही म्हणून निकाली काढू नये, दोन-तीनदा पाहावं. एक ट्रिप्टान चाललं नाही तरी दुसरं चालू शकतं. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेल्यांना किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना ही औषधं देत नाहीत, कारण ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यांच्यासाठी आता जेपंट गटातली औषधं आहेत, उदाहरणार्थ रिमेजेपंट. ती सीजीआरपीचा दरवाजाच अडवतात आणि रक्तवाहिन्या आकुंचित करत नाहीत.

अजून एक, बायकांसाठी. ऑरा येत असेल तर गर्भनिरोधक गोळी लिहून घेताना डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने अशा बायकांत पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि दुसरे पर्याय असतात.

अटॅक येऊच नयेत म्हणून

महिन्यात चार किंवा अधिक दिवस जात असतील, किंवा दिवस थोडे पण त्यांतला प्रत्येक माणसाला पार आडवा करणारा असेल, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करतात. इथे एक प्रसंग हमखास घडतो. रुग्ण घरी जाऊन औषधाचं नाव शोधतो आणि चपापतो: 'मला डिप्रेशनची गोळी का दिली?' 'ही तर फिट्सची!' 'मला कुठे बीपी आहे?' वस्तुस्थिती अशी, की यांतली बहुतेक औषधं मायग्रेनसाठी शोधलेलीच नव्हती. १९६० च्या दशकात छातीदुखीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या एका रुग्णाच्या लक्षात आलं, की आपला मायग्रेनही कमी झालाय, आणि तिथून ते औषध इकडे आलं. अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं, पण मायग्रेनसाठी पुष्कळ कमी मात्रेत देतात. टोपिरामेट फिट्सचं, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि ऐन वेळी शब्द आठवत नाहीत. ते आणि फिट्सचंच दुसरं औषध व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक असल्याने मूल होऊ शकणाऱ्या बायकांनी याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलायला हवं.

कोणतंही औषध कमी मात्रेपासून चढवत नेतात आणि पूर्ण मात्रेवर आठ ते बारा आठवडे देऊन मग ठरवतात. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडलेली औषधं मी स्वतः तीन मोजली आहेत. ती खरंच निकामी होती की मी उतावीळ होते, आता सांगता येणार नाही. आणि यश म्हणजे काय, तेही आधी ठरवावं. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं मानतात. शून्याची वाट पाहणारा माणूस बारावरून सहावर आलेला महिना अपयशात जमा करतो.

जुनाट मायग्रेनसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं असतात. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा ३१ ठिकाणी, दर बारा आठवड्यांनी. अमेरिकेत त्यांना २०१० मध्ये मान्यता मिळाली. सीजीआरपीला किंवा त्याच्या ग्राहीला (म्हणजे पेशीवरच्या त्याच्या दरवाजाला) धरून ठेवणारी प्रतिपिंडं, त्यांतलं पहिलं एरेन्युमॅब, २०१८ मध्ये आली. ही मात्र मायग्रेनसाठीच घडवलेली. पोटावर किंवा मांडीवर बहुधा महिन्याला एक टोचणी, त्रास बेताचा, बद्धकोष्ठ हा त्यातला ठळक. किंमत ही मोठी अडचण.

औषधाबाहेरचं सांगताना लोक ट्रिगरच्या, म्हणजे अटॅक उठवणाऱ्या गोष्टींच्या याद्या देतात. मला त्या याद्यांचा फारसा उपयोग झाला नाही. एकच गोष्ट एका आठवड्यात चालते आणि पुढच्या आठवड्यात चालत नाही, कारण एकटा ट्रिगर क्वचितच पुरतो. अपुरी झोप, चुकलेलं जेवण, पाळी जवळ आलेली आणि वर कडक ऊन, असं साचत गेलं की शेवटच्या थेंबाला दोष मिळतो. त्यामुळे थेंब टाळत बसण्यापेक्षा साचणारं कमी करणं सोपं: झोपायची आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच, जेवण न चुकवणं, कॉफी घेत असाल तर रोज सारखीच आणि थोडी, आठवड्यातून तीन-चारदा दमवणारं चालणं. हा मेंदू बदलाला बिचकतो, अगदी चांगल्या बदलालाही. महिनाभराची धावपळ संपून पहिल्या निवांत दिवशी डोकं उठतं ते यामुळेच. मॅग्नेशियम आणि जास्त मात्रेतलं ब-२ जीवनसत्त्व यांचा काहींना फायदा होतो. शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक (स्नायूंचा ताण यंत्रावर पाहत तो सैल करायला शिकणं) यांना तर अभ्यासांचा चांगला आधार आहे, पण 'म्हणजे माझं दुखणं मनाचं?' या शंकेपायी लोक तिकडे फिरकत नाहीत.

प्रतिबंधक औषध जन्मभर चालवायचं नसतं. सहा महिने ते वर्षभर चौकोन बऱ्यापैकी कोरे राहिले, की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून पाहतात. पान भरणं मात्र तेव्हाही चालूच ठेवायचं, कारण टिंबं परत दाटायला लागली तर ती आपल्या आधी कागदावर दिसतात, आणि तेच औषध पुन्हा सुरू करता येतं.